तू कधी बसला नाहीस

ताई,

मी ४७ वर्षांचा आहे. १५ वर्षांपूर्वी नीट विचार करून ब्रह्मचर्याने राहायचं ठरवलं. कुठल्या मठात किंवा संघात नाही. नोकरी करतो, एकटा राहतो. निर्णयाचा पश्चात्ताप नाही. एका संसारापुरतं न उरता चार माणसांसाठी जगावं अशी तेव्हा ओढ होती, आजही आहे. कुणाची अडचण असली की मला फोन येतो आणि मी जातो.

माझ्या सगळ्यात जवळच्या मित्राची बायको वर्षभरापूर्वी गेली. दवाखान्यातल्या शेवटच्या दोन महिन्यांपासूनची सगळी धावपळ मी केली. बिलं, विम्याचे कागद, बँकेतली नावं बदलणं, मुलीच्या शाळेचे अर्ज, बंद पडलेला गिझर, सगळं. गेल्या महिन्यात एका फॉर्मवर सही घ्यायला त्याच्याकडे गेलो. त्याने सही केली आणि शांतपणे म्हणाला, "तू माझ्यासाठी सगळं केलंस. पण वर्षभरात तू कधी बसला नाहीस रे." मी हसून विषय बदलला आणि निघालो. त्या रात्रीपासून झोप नीट लागत नाही.

मी प्रेम केलंय की नुसती कामं केलीत? आणखी एक गोष्ट आजवर कुणाला सांगितलेली नाही. कुणी फार जवळ यायला लागलं, समोर रडायला लागलं, की मी आखडतो. वाटतं, इथून पुढे गेलो तर माझं व्रत राहणार नाही. माझ्यासारख्याने प्रेम दाखवायचं तरी कसं?

एक वाचक

* * *

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या फॉर्मपाशी थांबले. सही झाली होती, म्हणजे तुमचं काम संपलं होतं. आता तुम्ही निघणार हे त्याला ठाऊक होतं. तेवढ्या फटीत त्याने वर्षभराचं बोलून घेतलं.

तुम्हाला ती तक्रार वाटली. मला ती हाक वाटते. ज्याचं बसणं आपल्याला नकोच असतं, त्याला कुणी 'तू बसला नाहीस' असं म्हणत नाही. आणि त्या वाक्याच्या शेवटी 'रे' आहे. पत्र लिहिताना तो तुम्ही गाळला नाहीत, याचा अर्थ तो तुम्हालाही ऐकू आला आहे.

केलेली कामं मात्र पुसून टाकू नका. दुःखात बुडालेल्या माणसाला बँकेच्या खिडकीपाशी ताटकळावं लागू नये म्हणून त्याच्या जागी दुसऱ्या कुणी ताटकळणं, हे प्रेमच आहे. त्या कामांच्या आधारावर त्याला हे वर्ष काढता आलं. 'प्रेम की नुसती कामं' ही तुमची वाटणी मला मान्य नाही. कामांच्या आडून तुम्ही कशापासून लांब राहत होता, हे बघायला हवं, आणि त्याचं अर्धं उत्तर तुम्हीच पत्राच्या शेवटी लिहिलंय.

कामाला शेवट असतो. फॉर्म भरला की भरला, गिझर सुरू झाला की झाला. दुःखाचं तसं नसतं. त्याच्यासमोर बसलं की करण्यासारखं काही उरत नाही, आणि कर्त्या माणसाला रिकाम्या हातांची फार भीती वाटते. संसारी माणसांचंही हेच होतं. पण एकटं राहणाऱ्यांच्या बाबतीत मी आणखी एक गोष्ट पाहत आले आहे. दुसऱ्याच्या घरात नुसतं बसायचा आपल्याला हक्क नाही, असं त्यांना आतून वाटत असतं. नवरा, बायको, आई, मूल, यांना तिथे असायला कारण लागत नाही. आपल्याला लागतं. मग आपण कारण हातात घेऊनच जातो. कधी फॉर्म, कधी औषधाची चिठ्ठी, कधी पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर. काम संपलं की वाटतं, आता इथे थांबायला आपल्याकडे काही राहिलं नाही. तुम्ही हसून विषय बदललात आणि निघालात तो क्षण मला असाच दिसतो. त्याने तुम्हाला काहीही कारण नसताना थांबायला सांगितलं, आणि कारणाशिवाय थांबायची तुम्हाला सवय नव्हती.

विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, एक प्रसंग आहे. बुद्ध आपला शिष्य आनंद याला घेऊन भिक्षूंच्या निवासांतून फिरत होते. एका ठिकाणी अतिसाराने आजारी असलेला एक भिक्षू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला दिसला. बुद्धांनी त्याला विचारलं, तुला काय होतंय? मग विचारलं, तुझं करायला कुणी आहे का? तो म्हणाला, नाही. का नाही, असं विचारल्यावर त्याने जे सांगितलं, तिथे मी दर वेळी थबकते. तो म्हणाला, मी इतर भिक्षूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझं काही करत नाहीत. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं. स्वतः पाणी ओतलं, आनंदाने त्याला धुतलं. मग एकाने डोक्याकडून आणि एकाने पायांकडून धरून त्याला उचललं आणि बिछान्यावर निजवलं. नंतर सगळ्यांना एकत्र बोलावून ते म्हणाले, इथे तुमचं करायला ना आई आहे, ना बाप. तुम्हीच एकमेकांचं केलं नाहीत तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची असेल, त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

सगळे घरदार सोडून आलेले, सगळे ब्रह्मचारी. तरी त्यांच्यातही तोच हिशेब शिरला होता: जो उपयोगी, त्याचं करायचं. त्या आजारी माणसाला स्वतःलाही तो हिशेब पटलेला होता. म्हणून तर त्याने तो तक्रारीच्या सुरात सांगितला नाही, कारण म्हणून सांगितला. तुम्हालाही तो पटलेला दिसतो, फक्त तुम्ही त्याच्या दुसऱ्या टोकाला उभे आहात. आणि त्या प्रसंगातला क्रम बघा. माणूस घाणीत पडलेला आहे, तरी पाणी नंतर आलं, प्रश्न आधी आले. धुतलं जाण्याआधी त्याचं ऐकलं गेलं. तुमच्या मित्राच्या बाबतीत पाणी आलं, उचलणं झालं, निजवणंही झालं. प्रश्न तेवढे राहून गेले.

आपल्या भाषेत आपण कामं 'करतो' आणि लक्ष 'देतो'. वेळ देतो, कान देतो. देणं म्हटलं की ते आपल्याजवळचं असावं लागतं आणि समोर घेणारा माणूस असावा लागतो. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत ज्ञानदेव श्रोत्यांकडे एकच गोष्ट मागतात, अवधान. तेवढं एक द्या, मग सगळ्या सुखाला पात्र व्हाल, असं वचनच देतात. तेही आयुष्यभर अविवाहित राहिले, आणि समोरच्यांकडे त्यांनी पहिलं मागणं केलं ते अवधानाचं.

जवळ असणं आणि लक्ष असणं यांतला फरक किती लवकर कळतो, हे एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात काही महिन्यांच्या बाळांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं. आई बाळाशी खेळत असते. मग तिला सांगितलं जातं, की आता दोन-तीन मिनिटं बाळाकडे बघायचं, पण चेहरा निर्विकार ठेवायचा, कशालाच प्रतिसाद द्यायचा नाही. आई समोरच असते, कुठे गेलेली नसते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. काहीच परत येत नाही म्हटल्यावर ते अस्वस्थ होतं, मान फिरवतं, पुष्कळदा रडू लागतं. बोलता न येणाऱ्या जिवालाही कळतं, की समोरचं माणूस इथे आहे आणि इथे नाही. तुमच्या मित्राला वर्षभर ते कळत होतं. तुम्ही त्याच्या घरी कितीतरी वेळा होता, पण तुमची नजर कागदावर होती.

माझी एक आत्या आजन्म अविवाहित राहिली. व्रत वगैरे शब्द तिने कधी वापरला नाही. आम्ही भावंडं काही सांगायला गेलो की ती रेडिओ बंद करायची. आवाज कमी करायची नाही, बंद करायची. त्या बटणाचा 'टक' मला अजून ऐकू येतो. मग ती चष्मा काढून मांडीवर ठेवायची. तो चष्मा वाचण्यापुरता होता. त्यातून आमचे चेहरे तिला धूसर दिसायचे, म्हणून ती तो काढायची, हे मला फार उशिरा कळलं, माझ्याच डोळ्यांवर तसा चष्मा आल्यावर. आणि आठ-दहा दिवसांनी ती विचारायची, "परवा तू अर्ध्यावरच थांबलीस. पुढे काय झालं?" तिने मला कधी कुशीत घेतल्याचं आठवत नाही. फारसे सल्ले दिल्याचंही आठवत नाही. पण आपल्यावर कुणी प्रेम केलंय का, हा प्रश्न मला आयुष्यात कधी पडला नाही, आणि त्यात त्या 'टक'चा फार मोठा वाटा आहे.

आता बसायचं कसं, ते सांगते, कारण तुमच्यासारख्याला 'नुसतं जाऊन बसा' म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला 'नुसती उडी मार' म्हणण्यासारखं आहे.

हातात काही न घेता जा. कागद नको, सामान नको. गाडीत एक फॉर्म पडलेला असला तरी तो आज वर न्यायचा नाही. फोन बंद करून बाहेरच्या खोलीत ठेवा. समोर बसण्यापेक्षा शेजारी किंवा थोडं तिरकं बसा. दुःखातल्या माणसाला सतत डोळ्याला डोळा भिडवणं जड जातं, आणि तुम्हालाही सुरुवातीला जाईल. किती वेळ आहात ते आल्याआल्या सांगून टाका, 'आठपर्यंत आहे.' मग त्यालाही तुमच्या उठण्याकडे लक्ष ठेवावं लागत नाही आणि तुमचाही हात घड्याळाकडे जात नाही.

'कसा आहेस?' विचारू नका. त्याला 'ठीक' याशिवाय उत्तर नसतं. फ्रेंच विचारवंत सिमोन वेल (१९०९–१९४३) हिने लिहून ठेवलंय, की दुसऱ्यावर प्रेम करणं म्हणजे 'तुझ्यावर काय गुदरतंय?' असं त्याला विचारता येणं. हेच शब्द तोंडून निघायला हवेत असं नाही. 'संध्याकाळी घरी आल्यावर काय करतोस?' एवढंही पुरतं. आणि वहिनींचं नाव घ्या. मृत माणसाचं नाव घेतलं तर जखम उघडेल म्हणून सगळे ते टाळतात, आणि मग त्या घरात ते नाव कुणाच्या तोंडून ऐकूच येईनासं होतं. त्याला ते ऐकायचं असतं. डोळे भरून आले तर येऊ दे. तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही.

तो बोलत असताना तुमच्या डोक्यात काम तयार होईल. तो म्हणेल, 'रात्री झोप येत नाही', आणि तुम्हाला डॉक्टर आठवेल. तो म्हणेल, 'मुलगी हल्ली माझ्याशी बोलत नाही', आणि तुम्ही मनातल्या मनात समुपदेशकाचा नंबर शोधायला लागाल. ते तिथेच सोडा आणि पुन्हा त्याच्या बोलण्यावर या. दहा मिनिटांत वीस वेळा सोडावं लागेल. वीस वेळा परत या. ध्यानाला बसणाऱ्याला हे माहीत असतं, आणि १५ वर्षं ब्रह्मचर्याने राहिलेल्या माणसाला मन परत आणणं नवीन नसावं. झोपेचा डॉक्टर पुढच्या आठवड्यातही सुचवता येतो.

आणि तो काहीच बोलला नाही तर? तर नुसतं बसा. ही शांतता तुम्हाला नकोशी होईल, आणि तिच्यातून सुटण्यासाठी तुम्ही स्वतःची एखादी गोष्ट सांगायला घ्याल. ती गोष्ट त्या दिवशी राहू द्या.

आता तुमची भीती. तुम्ही ती लिहिलीत याचं मला फार मोल वाटतं, कारण कित्येक जण ती आयुष्यभर 'मी मुळात भावनाप्रधान नाही' या वाक्याखाली झाकून ठेवतात.

तुमचं व्रत कशाचं आहे, हे एकदा स्वतःला स्पष्ट शब्दांत सांगा. जोडीदार न करण्याचं आणि शरीरसंबंध न ठेवण्याचं. कुणाच्याही जवळ न जाण्याचं व्रत तुम्ही घेतलेलं नाही. ते हळूहळू आपोआप त्याला चिकटलं. एकदा आनंद बुद्धांना म्हणाला, कल्याणमित्र, म्हणजे चांगल्या वाटेवर सोबत करणारा मित्र, असणं हे अर्धं ब्रह्मचर्य आहे. बुद्ध म्हणाले, असं म्हणू नकोस आनंदा, ते सगळंच ब्रह्मचर्य आहे. मूळ पालीत शब्द 'ब्रह्मचरिय' हाच आहे. त्याचा अर्थ तिथे आपल्या रोजच्या वापरातल्या अर्थापेक्षा मोठा आहे, सगळं साधनेचं जीवन त्यात येतं, हे खरं. पण त्या जीवनात मैत्रीला त्यांनी केवढी जागा दिली ते बघा.

तुमच्यासारखी भीती संस्थांनाही वाटत आलेली आहे. ख्रिस्ती मठांमधून 'विशेष मैत्री'बद्दल पुष्कळ काळ सावध केलं जाई. एकावर जीव जडला तर बाकीच्यांवरचा उडेल आणि व्रतालाही धोका होईल, असा तो विचार. पण त्याच परंपरेत १२ व्या शतकात इंग्लंडमधल्या रिव्हो मठाचा प्रमुख एलरेड याने मैत्री ही देवाकडे जाणारी वाट आहे असं सविस्तर लिहून ठेवलं. मी एलरेडच्या बाजूची आहे. सगळ्यांसाठी जगायचं म्हणून कुणा एकाचं न होणं, यात एक लबाडी शिरते. तुम्ही जाणूनबुजून ती केलीत असं मी म्हणत नाही. पण 'सगळे' कधी समोर येऊन बसत नाहीत. समोर येतो तो एक माणूस, त्याच्या त्या दिवसाच्या चेहऱ्यासह, आणि लक्ष द्यायचं तर त्यालाच देता येतं.

धोका अजिबात नाही असं मात्र मी सांगणार नाही. कुणाचं मनापासून ऐकलं की जवळीक होते, आणि एखाद्या वेळी, एखाद्या व्यक्तीबद्दल, त्या जवळिकीला ओढीचं रूप येऊ शकतं. आलं तर ते स्वतःशी कबूल करा आणि एखाद्या विश्वासू माणसाला सांगा. लपवलेल्या गोष्टीची जितकी भीती बाळगाल तितकी ओढीची बाळगू नका. मी स्वतःला एक विचारून बघते: या माणसाला उद्या माझी गरज उरली नाही, तर मला आनंद होईल की रितेपण येईल? दुसरं उत्तर येऊ लागलं, तर आपण त्याला देत नाही, त्याच्याकडून घेतोय. मग थोडं मागे सरायचं. मागे सरायचं म्हणजे नाहीसं व्हायचं असं नाही.

स्पर्शाबद्दलही तुमच्या पत्रातल्या 'आखडतो' या शब्दावरून लिहिते. काही संघांत स्पर्शाचे कडक नियम असतात, आणि ते ज्यांनी पत्करले त्यांनी पाळावेत. तुमच्यावर तसा नियम नाही. मित्र रडत असताना त्याच्या पाठीवर हात ठेवल्याने तुमचं काही मोडत नाही. हात ठेवलात तर थोपटू नका. थोपटणं म्हणजे पुष्कळदा 'आता पुरे' असं सांगणं असतं. हात नुसता तिथे असू द्या. आणि तेही जमलं नाही तर त्याच्यापासून तोंड न फिरवता बसून राहा. माझ्या आत्याचं त्यावर भागत होतं.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेलीच नाही, म्हणून विचारते. तुमच्याजवळ कोण बसतं? त्या वहिनी गेल्या तेव्हा तुमचंही कुणीतरी गेलं. दोन महिने दवाखान्यात तुम्ही होता. शेवटचं तुम्हीही पाहिलंत. त्याबद्दल सबंध पत्रात एक ओळ नाही. झोप उडाली ती मित्राच्या वाक्याने, असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, वर्षभर कामात दडपून ठेवलेलं दुःख त्या वाक्याने मोकळं केलं. ज्याचं कधी कुणी ऐकलेलं नाही, त्याला दुसऱ्याचं फार वेळ ऐकवत नाही. तेव्हा तुमच्या मित्राने तुमच्याकडे पाहून 'तुझं काय?' असं विचारलं, तर 'माझं काय, मी मजेत' म्हणून उठू नका. तोही त्या घरात वर्षभर एकटाच बसलेला आहे. कुणाचं तरी ऐकून घ्यायची त्यालाही गरज असेल.

माफी मागायला म्हणून जाऊ नका. तुम्ही माफी मागावी असं तो म्हणालेला नाही, आणि माफी हेही तुमच्या हातातलं आणखी एक काम होऊन बसेल. या आठवड्यातला एक दिवस ठरवा, आणि पुढच्या आठवड्यातलाही तोच. तो दार उघडेल आणि सवयीने तुमच्या हाताकडे बघेल. "आज काय आणलंस? कशावर सही हवीय?" असं विचारेल.

त्याला सांगा, "काही नाही. बसायला आलोय."